करंडी, करंडक आणि पगार

नवा रायपूर हे नाव मराठी कानाला परकं वाटत नाही. छत्तीसगडच्या या नव्या राजधानीला आधी हिंदी वळणानं 'नया रायपूर' म्हणत. २०१८मध्ये अटलबिहारी वाजपेयी गेले, त्यानंतर तिला 'अटल नगर' हे नाव मिळालं आणि पुढे 'नवा रायपूर अटल नगर' असं रूढ झालं. 'नया' जाऊन 'नवा' आला तो काही मराठीच्या आग्रहानं नव्हे. छत्तीसगढी बोलीत नव्याला 'नवा'च म्हणतात, जसं तिथल्या शेतकऱ्याच्या नांगराला आपल्यासारखंच 'नांगर' म्हणतात. 'नवा' आणि 'नया' ही 'नव' या संस्कृत शब्दाची लेकरं. फारसीतला 'नौरोज'मधला 'नौ', लॅटिनमधला 'नोवुस' आणि इंग्रजीतला 'न्यू' हेही याच गोतावळ्यातले. नव्या शहराचं नाव इतकं जुनं असावं, ही मला आनंदाची गोष्ट वाटते.

या शहरात परसदा गावाच्या शिवारात क्रिकेटचं मोठं मैदान आहे. सोनाखानच्या वीर नारायण सिंहांचं नाव त्याला दिलेलं आहे. १८५७च्या डिसेंबरात इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिलं. २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यात तिथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, तेव्हा देशभरच्या प्रेक्षकांनी हे शहर टीव्हीवर पाहिलं. पण खेळाच्या जगात छत्तीसगडचं नाव ज्यांनी आधीपासून राखलं, त्या क्रिकेटपटू नव्हेत. त्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली आहेत, आणि त्यांचं घर रायपूरपासून तासाभराच्या अंतरावरचं भिलाई.

छत्तीसगडच्या या मुलींच्या संघाला 'व्यावसायिक' म्हणावं का? प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर द्यायचं तर 'बास्केटबॉल', 'करंडक', 'संघ' आणि 'व्यावसायिक' हे चारही शब्द उलगडून पाहावे लागतात. खेळाच्या पानावर हे शब्द आपण रोज वाचतो. त्यांच्या पोटात या खेळाचा बराचसा इतिहास आहे.

पहिला शब्द बास्केटबॉल. डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकावर एक काम सोपवलं गेलं: हिवाळ्यात बंद दालनात खेळता येईल असा खेळ तयार करायचा. त्यानं इमारतीची देखभाल करणाऱ्या स्टेबिन्सकडे दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती. स्टेबिन्सनं पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. नेस्मिथनं त्या सज्जाच्या कठड्याला दोन बाजूंना ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, आणि आज जगभरच्या कोर्टांवर कडं दहा फुटांवर असतं ते त्या कठड्यामुळे. खेळाला नेस्मिथचंच नाव द्यावं असं फ्रँक महान या विद्यार्थ्यानं सुचवलं. नेस्मिथनं ते हसून नाकारलं. मग महान म्हणाला, टोपली आहे, चेंडू आहे, तेव्हा 'बास्केट बॉल' म्हणू. सुरुवातीला ते दोन शब्द होते आणि बरीच वर्षं तसेच लिहिले जात. खोकी मिळाली असती, तर आज आपण या खेळाला दुसऱ्याच नावानं हाक मारली असती.

'बास्केट' शब्दाचं मूळ कोशकारांना अजून नीट सापडलेलं नाही. पहिल्या शतकातला रोमन कवी मार्शल 'बास्काउदा' नावाच्या एका वस्तूचा उल्लेख करतो आणि ती ब्रिटनहून आली असं सांगतो. इंग्रजी 'बास्केट'चा धागा तिथपर्यंत नेता येईल असं काहींना वाटतं, काहींना ते पटत नाही. एवढं खरं, की टोपली ही माणसाच्या अगदी जुन्या वस्तूंपैकी एक आहे आणि तिचं नाव वस्तूबरोबर गावोगाव फिरत आलं आहे.

भारतात हा खेळ वायएमसीएच्याच मार्गानं आला. स्प्रिंगफील्डच्या त्या पहिल्या सामन्यातला एक कप्तान डंकन पॅटन होता. त्यानं १८९४मध्ये तो इकडे आणला असं मानतात. मुंबईत तो खरा रुजला नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशननं १९२७मध्ये तिथे नेबरहूड हाउस सुरू केलं आणि त्या वस्तीनं पुढे देशाला खेळाडूंच्या पिढ्या दिल्या. भारताचे कप्तान आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसीर हे नागपाड्याचेच. मुंबईच्या पोरांनी खेळ उचलला, नावही तसंच उचललं. फुटबॉल, व्हॉलीबॉलप्रमाणे बास्केटबॉलही मराठीत आहे तसा राहिला. कुणी पर्यायी शब्द रुजवला नाही आणि त्यात काही बिघडलंही नाही.

पण 'बास्केट'ला मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. टोपली, पाटी, दुरडी, परडी, हारा, करंडी: प्रत्येकीचं काम वेगळं. परडीत फुलं, दुरडीत भाकरी, पाटीत माती किंवा भाजी. टोपली, टोप आणि टोपी हे एका घरातले शब्द दिसतात. पालथी घातली की टोपली डोक्यावरही बसते. छत्तीसगढीत टोपलीला टुकना म्हणतात, लहान असेल तर टुकनी. माती-खत वाहायचा मोठा तो झउहा, लग्नविधीत लागणारा पसरट तो पर्रा. आपल्याकडे हे काम बुरुडाचं, छत्तीसगडात ते कंडरा समाजाकडे आहे. हिरवा बांबू उभा चिरायचा, आतला गर सोलून टाकायचा, सालीकडच्या लवचिक पट्ट्या वेगळ्या करायच्या, बुडाशी त्या आडव्या-उभ्या गुंफून चाकासारखा तळ बांधायचा आणि मग काठाकडे विणत वर यायचं. टोपलीचं आयुष्य दोनच गोष्टींवर ठरतं: बूड आणि काठ. काठ सुटला की पट्ट्या विस्कटतात आणि बूड गेलं की टोपली निकामी होते.

बास्केटबॉलची गोष्ट याच्या नेमकी उलट घडली. नेस्मिथच्या टोपल्यांना बूड होतं. चेंडू आत गेला की अडकून बसे, मग कुणीतरी शिडी लावून तो काढे. पुढे लोखंडी कडं आलं, त्याला जाळी आली. जाळीलाही आधी बूड होतं, दोरी ओढून चेंडू खाली पाडत. शेवटी बूड कापून टाकलं आणि खेळाला वेग आला. आज कोर्टावर टोपलीचा उरलाय तो फक्त काठ, अठरा इंच व्यासाचं एक कडं. टोपली गेली, तिचं नाव राहिलं.

छत्तीसगडात टोपलीची आणखी एक आठवण आहे आणि ती मराठी माणसाशी जोडलेली आहे. माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषेचे, हिंदी पत्रकारितेचे एक आद्य पुरुष. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे यांच्या साथीनं त्यांनी जानेवारी १९००मध्ये पेंड्रा इथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक सुरू केलं. १९०१मध्ये त्यात त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा छापून आली. हिंदीतल्या पहिल्या कथेचा मान कुणाचा, या वादात तिचं नाव कायम घेतलं जातं. जमीनदारानं झोपडी हिरावून घेतलेली म्हातारी आपल्या जागेतली टोपलीभर माती मागते, आणि ती टोपली उचलायला जमीनदाराची ताकद अपुरी पडते. टोपली हलकी, पण तिच्यात काय भरलंय त्यावर तिचं वजन ठरतं. स्प्रिंगफील्डच्या त्या टोपल्यांनंतर दहा वर्षांनी आणि अर्ध्या जगापलीकडे, एका मराठी लेखकानं हिंदीत टोपलीला हे वजन दिलं.

आता करंडी. रत्नागिरीचे आंबे करंडीतून येत तेव्हा खाली पेंढा, वर पेंढा आणि मध्ये फळं असत. पीचची टोपली म्हणजे अमेरिकेची ती आंब्याची करंडीच. 'करंडी'चं मूळ संस्कृत 'करण्ड', म्हणजे बांबूची विणलेली टोपली किंवा डबी. त्याचं लहान रूप 'करण्डक'. पाली ग्रंथांत 'धातुकरण्डक' येतो, म्हणजे बुद्धाच्या अस्थी ठेवण्याची पेटी. आपल्या घरात याच शब्दाचा 'करंडा' झाला, कुंकवाचा. आणि खेळाच्या मैदानावर झाला 'करंडक'.

मराठीत जिंकल्यावर मिळणाऱ्या बक्षिसाला तीन नावं आहेत. पेला असेल तर चषक, ढाल असेल तर ढाल, आणि 'ट्रॉफी' असेल तर करंडक. चषक म्हणजे संस्कृतात मद्याचा पेला. 'कप'ला तो नेमका बसला. पण 'ट्रॉफी'चा करंडक कसा झाला? 'ट्रॉफी' हा मुळात ग्रीक 'त्रोपाइऑन': युद्धात शत्रू जिथे पाठ फिरवून पळाला, त्या जागी शस्त्रं टांगून उभारलेलं विजयचिन्ह. त्यात डबी नाही, टोपलीही नाही. मला वाटतं, दुवा मानपत्राचा असावा. इंग्रजी अमदानीत पाहुण्यांना मानपत्र द्यायचं तर ते चांदीच्या करंडकातून देत. त्यामुळे समारंभात दिली जाणारी चांदीची शोभिवंत वस्तू म्हणजे करंडक, ही जाण लोकांच्या मनात पक्की झाली. पुढे स्पर्धेतलं चांदीचं बक्षीसही त्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. रणजी करंडक, पुरुषोत्तम करंडक ही नावं आज आपण त्यातल्या टोपलीची आठवण न ठेवता घेतो.

म्हणून बास्केटबॉलच्या बाबतीत मराठीनं एक गोष्ट साधली आहे जी इंग्रजीला साधलेली नाही. इंग्रजीत 'बास्केट' आणि 'ट्रॉफी' यांचं एकमेकांशी काही नातं नाही. मराठीत करंडी आणि करंडक एकाच मुळाची मुलं आहेत. चेंडू करंडीत टाकत राहायचं आणि शेवटी करंडक उचलायचा, हा या खेळाचा सगळा व्यवहार आपली भाषा एकाच शब्दमुळात मांडते.

तिसरा शब्द संघ. इंग्रजी 'टीम'चा जुना अर्थ होता पिलावळ, संतती. मग एका जुवाला जोडलेली जनावरं, आणि फार उशिरा एकत्र खेळणारी माणसं. आपला 'संघ' 'सम्' आणि 'हन्' यांपासून झाला. एकत्र येऊन घट्ट झालेला समूह, असा त्याचा अर्थ. पाणिनीनं त्याची सिद्धी सांगितली आहे, आणि त्याच पाणिनीनं 'आयुधजीविसंघ' असा एक शब्द वापरला आहे. शस्त्रांवर ज्यांचं पोट चालतं अशा लोकांचा संघ. वाहीक देशात, म्हणजे आजच्या पंजाबाच्या भागात, असे संघ होते. आपल्या कौशल्यावर उपजीविका करणाऱ्यांनी संघ बांधायचा, ही कल्पना आपल्याकडे अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे.

विदर्भातली वृत्तपत्रं 'संघ'पेक्षा 'चमू' आवडीनं लिहितात. अमरकोशात चमू ही सैन्याची एक तुकडी: ७२९ हत्ती, ७२९ रथ, २१८७ घोडे आणि ३६४५ पायदळ. एवढा मोठा शब्द आपण पाच खेळाडूंवर घातला. रायपूरकरांना तो नवा नसावा, कारण १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती. नागपूरशी असलेलं नातं त्याहून जुनं. १७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांची फौज छत्तीसगडच्या जुन्या राजधानीवर, रतनपुरावर आली, १७५८पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले, आणि १७८७मध्ये त्यांच्या पश्चात नागपूरकरांनी तिथे सुभेदार नेमायला सुरुवात केली. छत्तीसगडच्या इतिहासात या काळाला 'सूबा शासन' म्हणतात. नागपूरकरांचा किताबच 'सेनासाहेब सुभा' होता. अरबी 'सूबा' असा मराठी किताबातून छत्तीसगडच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसला.

चौथा शब्द सर्वांत गुंतागुंतीचा: व्यावसायिक. रायपूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत याला 'पेशेवर' म्हणतात. फारसी 'पेशा' म्हणजे धंदा, कसब. मराठीतही 'शिक्षकी पेशा', 'वकिली पेशा' आपण म्हणतो. याच्या शेजारी दिसणारा, पण वेगळा शब्द म्हणजे 'पेश', म्हणजे पुढे. त्यापासून पेशगी, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. पेशकार, म्हणजे कागद पुढे मांडणारा. आणि पेशवा, म्हणजे जो सर्वांच्या पुढे असतो तो. बहमनी काळापासून दख्खनेत हे पद होतं. शिवाजीमहाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी 'पेशवा'ला 'मुख्य प्रधान' केलं, राज्यव्यवहारकोशानं तशी संस्कृत नावं नोंदवली. पण लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, आणि १७१३मध्ये बाळाजी विश्वनाथांना ते पद मिळाल्यावर तर तो पुण्याचाच होऊन गेला.

हा शब्द बास्केटबॉलच्या कोर्टावरही उतरला. २०१५मध्ये युनायटेड बास्केटबॉल अलायन्स ही व्यावसायिक लीग सुरू झाली. चेन्नई स्लॅम, बेंगळुरू बीस्ट, पंजाब स्टीलर्स, मुंबई चॅलेंजर्स अशा आठ संघांत पुण्याच्या संघाचं नाव होतं पुणे पेशवाज. शहरांच्या नावापुढे बहुतेकांनी इंग्रजी शब्द लावले. पुण्यानं आपला इतिहास लावला. मला ते नाव आवडलं होतं. 'पुढे राहणारा' हा त्याचा मूळ अर्थ संघाच्या नावाला अगदी शोभणारा. ही लीग काही मोसम चालली आणि २०१७नंतर थांबली. २०२२मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या आश्रयानं इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली, त्यात मुंबईचा संघ 'टायटन्स' झाला. पेशव्यांचं नाव पुन्हा कोर्टावर आलं नाही.

व्यावसायिक बास्केटबॉलची सुरुवात पैशाच्या एका छोट्या गोष्टीनं झाली होती. नोव्हेंबर १८९६मध्ये अमेरिकेतल्या ट्रेंटन गावच्या खेळाडूंनी वायएमसीएशी बिनसल्यावर स्वतः एक सभागृह भाड्यानं घेतलं, तिकीट लावून सामना केला आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे वाटून घेतले. प्रत्येकाला १५ डॉलर आणि कप्तान फ्रेड कूपरला एक डॉलर जास्त, असं सांगतात. प्रेक्षकांपासून खेळ वेगळा ठेवण्यासाठी ट्रेंटनच्या कोर्टाभोवती तारेची जाळी होती. त्या पिंजऱ्यामुळे बास्केटबॉल खेळाडूला 'केजर' हे नाव पडलं. पिंजरे १९२०च्या दशकानंतर गेले, शब्द मात्र भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत आजही छापला जातो. १८९८मध्ये पहिली व्यावसायिक लीग निघाली, तिचा पहिला विजेता ट्रेंटनच. त्या संघाला 'प्रोफेशनल' म्हणवण्याचा हक्क मिळाला तो तिकिटाच्या पैशातून.

याच्या विरुद्ध टोकाला आपण 'हौशी' ठेवतो. 'हौस' अरबी 'हवस'पासून आली. हिंदीत 'हवस' म्हणजे वासना, मराठीत हौस म्हणजे मनाची निर्मळ ओढ. एका शब्दाचं दोन भाषांत इतकं वेगळं व्हावं, यात मराठी मनाचा कल दिसतो. पण 'हौशी' आणि 'व्यावसायिक' ही जोडी मराठीत मुळात विरोधी नव्हतीच. संस्कृत 'व्यवसाय' म्हणजे धंदा नव्हे. 'वि', 'अव' आणि 'सो' यांपासून झालेला हा शब्द निश्चय, निर्धार, तडीस नेण्याचा प्रयत्न सांगतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बुद्धीला 'व्यवसायात्मिका' म्हटलंय, ती निश्चयी आणि एकाग्र या अर्थानं. 'अध्यवसाय'मध्येही तोच अर्थ टिकून आहे. धंदा हा अर्थ नंतर आला, कारण निर्धारानं रोज केलेलं काम हाच माणसाचा धंदा होतो. तेव्हा मराठीत व्यावसायिक खेळाडू म्हणजे केवळ पैसे घेणारा नव्हे. निर्धार करून तेच काम रोज करणारा, आणि त्याच कामावर जगणारा.

या दोन्ही अटी घेऊन भिलाईकडे पाहावं. १९५५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. हिंदीत या कारखान्याला 'इस्पात संयंत्र' म्हणतात. 'इस्पात' हा पोर्तुगीज 'एस्पादा', म्हणजे तलवार, यापासून आला असं कोशकार मानतात. आपण 'पोलाद' म्हणतो ते फारसीतून. आणि पोलादाच्या कारखान्यात महिन्याच्या शेवटी जे हातात पडतं तो 'पगार', तोही पोर्तुगीजच. 'पागार' म्हणजे देणं फेडणं. गोवा आणि कोकणमार्गे तो मराठीत आला आणि त्यानं आपल्या 'वेतना'ला, मराठेशाहीतल्या 'रोजमुऱ्या'ला बाजूला सारलं.

कारखान्याबरोबर शहर वसलं, शहराबरोबर शाळा आणि मैदानं आली. भिलाईत राजेश पटेल यांनी मुलींचं बास्केटबॉल बांधलं. या कामाचं वर्णन 'बांधलं' याच शब्दात करता येतं. २००० साली छत्तीसगड वेगळं राज्य झालं तेव्हा त्याच्या हाताशी हा तयार पाया होता. सीमा सिंह, अंजू लकडा, एम. पुष्पा, आकांक्षा सिंह, भारती नेताम अशा खेळाडू इथून देशाच्या संघात गेल्या. कानपूरची पूनम चतुर्वेदी, भारताची सर्वांत उंच महिला खेळाडू, भिलाईत येऊन घडली. राष्ट्रीय स्पर्धांत छत्तीसगडच्या मुलींचा संघ हा मातब्बर संघ मानला जाऊ लागला. राज्य नवं, लोकसंख्या मोठ्या राज्यांच्या मानानं कमी, मैदानं मोजकी, तरीही. २०१८मध्ये पटेल गेले, तोवर त्यांनी प्रशिक्षक या शब्दाला तिथे एक चेहरा दिला होता.

हे सगळं शक्य झालं त्यात सरावाइतकाच वाटा नोकरीचा आहे. खेळाडू लोक ज्याला 'स्पोर्ट्स कोटा' म्हणतात तो कोटा. पोलाद कारखान्यानं आणि रेल्वेनं खेळाडूंना कामावर घेतलं. आदिवासी गावातून किंवा कामगार वस्तीतून आलेल्या मुलीच्या आईवडिलांना 'मुलगी खेळून काय करणार' या प्रश्नाचं उत्तर त्या नेमणूकपत्रात मिळालं. मराठेशाहीत घोडा आणि हत्यार सरकारचं घेऊन पगारावर लढणाऱ्याला 'बारगीर' म्हणत, आणि स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्याला 'शिलेदार'. गरीब घरची मुलगी शिलेदार होऊ शकत नाही. बूट, आहार, प्रवास, उपचार या सगळ्याचा खर्च तिला कुणीतरी दिलाच पाहिजे. भिलाईनं तो दिला. या पद्धतीची मर्यादाही आहे: नोकरी मिळाल्यावर काहींचा खेळ कार्यालयाच्या वेळापत्रकात बसेनासा होतो, आणि संघाची नावं प्रेक्षकांपर्यंत पोचत नाहीत. तरी त्या मुलींना खेळ सोडावा लागला नाही, ही गोष्ट थोडी नाही.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे. व्यवसाय या शब्दाचे दोन्ही अर्थ, निर्धार आणि उपजीविका, ज्या संघात एकत्र नांदतात, तो व्यावसायिक संघ. त्या कसोटीवर छत्तीसगडच्या मुलींचा संघ हा देशातल्या खऱ्या व्यावसायिक संघांपैकी एक आहे, मग त्याच्या नावापुढे टायगर्स, टायटन्स किंवा पेशवाज नसले तरी. लीगची नावं मोलाची आहेत; ती लोकांना खेळाकडे खेचतात, आणि पुणे पेशवाजसारखं नाव पुन्हा कोर्टावर यावं असं मला मनापासून वाटतं. पण त्या नावामागे बाराही महिन्यांचा पगार हवा, केवळ मोसमाचं मानधन नको.

नवा रायपूर अजून घडतोय. १ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथल्या नव्या विधानभवनाचं उद्घाटन झालं, रस्ते रुंद आहेत, जागा मोकळी आहे. या शहराच्या प्रत्येक शाळेत दहा फुटांवर एक कडं, एक पगारी प्रशिक्षक आणि वर्षभराचा सराव एवढं जरी मिळालं, तर भिलाईचा वारसा पुढच्या पिढीकडे जाईल. महाराष्ट्रातल्या जिल्हा क्रीडा संकुलांनाही हेच लागू आहे. खेळाच्या बातम्या लिहिणाऱ्या माझ्या मित्रांना एवढीच विनंती, की 'व्यावसायिक' हा शब्द जाहिरातीच्या फलकावरून न उचलता खेळाडूच्या हातात पडणाऱ्या पगारावरून आणि तिच्या रोजच्या सरावावरून लिहावा. करंडक जिंकणाऱ्या संघाचं नाव आपण मोठ्या अक्षरात छापतोच. तो संघ पोसणाऱ्या संस्थेचं आणि घडवणाऱ्या प्रशिक्षकाचं नावही त्याच बातमीत छापा.